तीन चकत्यांची वाटणी

मी सायकलीच्या तीन चकत्यांपैकी दोन काढल्या आणि माझ्या मेहुणीने माहेर सोडलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, हे मी आजवर पुष्कळांना समजावून सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतो. तुम्हीही तेच कराल. तिला सवय आहे.

सुरुवात धोंड्याच्या महिन्यापासून करतो. अधिक महिना आला की आमच्याकडे जावयाचा भाव वधारतो. (एरवी तो कांद्याच्या भावासारखा. कधी पडेल, सांगता येत नाही.) सासुरवाडीहून बोलावणं येतं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, आणि उठताना देवापुढे वाण म्हणून एखादी वस्तू हातात ठेवतात. माझे सासरे आप्पा, राहणार सोनई. त्यांना मुली दोन. थोरली सुरेखा मला दिली, तिसगावला. धाकटी मनीषा दिली कर्जतला, अंकुशरावांना. म्हणजे अंकुशराव माझे साडू.

आता आप्पांविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भावाभावांत जमिनीची वाटणी निघाली की पंचक्रोशीतून आप्पांना बोलावणं येतं. बांध कुठे घालायचा, विहिरीचं पाणी कोणी कोणत्या वारी घ्यायचं, बांधावरच्या आंब्याची कुठली फांदी कोणाची, हे सगळं आप्पा ठरवतात. आप्पा बोलले की दोन्ही भाऊ सारखेच नाराज होऊन घरी जातात. यालाच न्याय म्हणतात.

असा माणूस स्वतःच्या जावयांत डावं-उजवं कसं करील? दोन्ही लग्नांत मांडव सारखा, रुखवत सारखं, आचारी तोच. मुलींना साडी घेतली तर एकाच रंगाच्या दोन. त्यामुळे माहेरच्या कार्यात या दोघी बहिणी बँडपथकातल्यासारख्या दिसतात.

त्या वर्षी आप्पांच्या मनात दोन्ही जावयांना अंगठ्या घालायच्या होत्या. पण जेवण झाल्यावर आम्ही दोघे साडू भिंतीला टेकून जे काही सांडलो, ते बघून आप्पांचा विचार बदलला. ते बराच वेळ आमच्या पोटांकडे बघत राहिले.

"अंगठी नगं," ते म्हणाले. "दोघांनाबी सायकल घेतो."

आणि घेतल्या! एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या, डोंगरात चालवायच्या जाडजूड टायरच्या गिअरवाल्या सायकली. (सोनईत डोंगर नाही. तिसगावला आहे, पण माझं तिकडे काही काम नसतं.) मागे सात चकत्या, पुढे पायडलपाशी तीन. छोट्या चकतीवर चेन घेतली की चढण सोपी जाते, मोठीवर घेतली की सपाटीला वेग येतो. मधली कशासाठी असते, ते मला अजून कळलेलं नाही.

सायकल बरी चालली होती. मी पहाटे उठून करंजी गावाच्या दिशेने थोडं जायचो, वडापाव खायचो आणि परत यायचो. वजन वाढलं, पण हुरूप होता. अशाच एका सकाळी चहाच्या टपरीवर नगरहून आलेला एक सायकलवाला भेटला. अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांवर मोटारीच्या काचेएवढा गॉगल. त्याच्या सायकलीला पुढे एकच चकती होती.

"बाकीच्या दोन पडल्या का?" मी आस्थेने विचारलं.

त्याने गॉगल वर केला. "आता पुढे तीन कोणी वापरत नाही, काका. एकच असते. वजन कमी, कटकट कमी. तीनवाल्या जुन्या झाल्या."

जुन्या झाल्याचं एवढं लागलं नाही. 'काका' लागलं!

त्या क्षणी मी ठरवलं की आपलीही एकच चकती करायची. घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी परमुलखातला माणूस, पांढऱ्या शुभ्र शर्टात, शिट्टी वाजवत तीन चकत्यांची एक करत होता. शेवटपर्यंत त्याच्या बोटाला ग्रीस लागलं नाही. मी रविवारी गच्चीवर सायकल उलटी केली आणि पहिल्याच दहा मिनिटांत केसांनासुद्धा ग्रीस लावून घेतलं.

व्हिडिओतल्या माणसाच्या चकत्या स्क्रूने बसवलेल्या होत्या. माझ्या होत्या रिव्हेट ठोकून कायमच्या. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ग्रायंडर आणला.

ग्रायंडर म्हणजे लोखंड कापायचं यंत्र. दिवाळीतल्या भुईनळ्याचा हा थोरला भाऊ. ठिणग्यांचा काय फवारा उडाला! मी अगदी रंगात आलो होतो, तेवढ्यात सुरेखा जिना चढून वर आली.

"अहो! माझ्या कुरडया!"

गच्चीच्या पलीकडच्या टोकाला जुन्या साडीवर तिने वर्षभराच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर लोखंडाचे बारीक काळे ठिपके उठले होते.

"लोह मिळेल," मी म्हणालो.

"तुम्हाला सुचतं तरी कसं हो?" ती म्हणाली. आणि मग तिची नजर माझ्या हातातल्या चकत्यांवर गेली. तिचा आवाज एकदम खाली आला. "हे… हे आप्पांच्या वाणाचं कापलं तुम्ही?"

"कापलं नाही. सुधारलं."

"देवापुढं दिलेली वस्तू! आप्पांना कळलं ना, तर सोनईचं दार बंद होईल. एक अक्षर बोलायचं नाही कुणापाशी. शपथ घ्या."

घेतली. काढलेल्या दोन चकत्यांपैकी एकीवर ती आता गरम कढई ठेवते. दुसरी मी आठवण म्हणून कपाटात ठेवली.

आता राहिलेली एक चकती कोणती, हा प्रश्न तुम्ही विचारणार. सर्वात मोठी! आप्पांनी दिलेलं मोठं टाकून छोटं ठेवायचं, हे माझ्या मनाला पटेना. परिणामी सायकल सपाटीला विमान झाली आणि चढणीला विहिरीवरचं इंजिन. शिवाय प्रत्येक गतिरोधकावर चेन खाली पडायची. हे असं का होतं, ते त्या शिट्टीवाल्याने व्हिडिओच्या दुसऱ्या भागात सांगितलं होतं. एकटीने राहणाऱ्या चकतीचे दाते वेगळे असावे लागतात, एक जाड एक बारीक, म्हणजे ते चेन धरून ठेवतात. तीनवालीचे दाते मुळातच चेन सोडून द्यायला केलेले. हा दुसरा भाग मी पाहिला नव्हता. पहिल्यानेच माझा आत्मविश्वास पूर्ण झाला होता.

पण माझं खता-बियाणांचं दुकान आहे, ठिबकचं सामानही मी ठेवतो. ठिबकच्या काळ्या नळीचा एक तुकडा कापला, उभा चिरून त्यातून चेन ओवली आणि नळी सायकलीला क्लिपने आवळून टाकली. चेन पडायची थांबली. निदान दुकानाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत. डावीकडचा गिअरचा खटका तसाच ठेवला. तो दाबला की 'टक्' आवाज येतो आणि पुढे काहीही होत नाही. (घरात माझ्या बोलण्याचंही असंच आहे.)

इथवर नुकसान कुरडयांपुरतंच होतं. मग मढीची यात्रा आली.

मढी आमच्या शेजारीच. त्यामुळे मनीषा आणि अंकुशराव यात्रा करून आमच्याकडे चहाला आले. अंकुशराव तसे गरीब स्वभावाचे गृहस्थ. सायकल त्यांनीही चालवली, पण दुकानदाराने ज्या गिअरला लावून दिली होती त्याच गिअरला. खटके कशाचे आहेत, ते त्यांनी कधी विचारलं नाही. तरी त्या दिवशी त्यांचीच नजर नेमकी पडली.

"साडूभाऊ, तुमच्या सायकलीला पुढं एकच चकती कशी काय?"

सुरेखाने माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी शपथ आठवली. खरं सांगायचं नव्हतं. गप्प बसणं मला जमत नाही. उरला तिसरा मार्ग.

"ही नवी पद्धत," मी म्हणालो. "भारीतल्या सायकलींना एकच असते. तीनवाल्या आता जुन्या झाल्या."

"आणि ही काळी नळी?" मनीषाने विचारलं.

"ती संरक्षक प्रणाली."

मनीषा सायकलीभोवती एक फेरी मारून आली. "म्हंजी दाजी, एकवाली लई महाग का?"

"लईच! तीनवालीच्या तिप्पट तरी धर!"

मी सर्वसाधारण ज्ञान म्हणून सांगत होतो. मनीषाने मात्र चहाचा कप खाली ठेवला. त्यात अर्धा चहा होता. आमच्याकडे बाईमाणसाने अर्धा चहा टाकला की पुढची पाच वर्षं बोलणं होत नाही.

"चला हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, कुरडया ने ना थोड्या," सुरेखा पिशवी घेऊन मागे धावली.

"ऱ्हाऊ दे ताई. तुमचं समदं भारीतलं. आमाला न्हाई पचायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मनीषा यांनी ग्रुप सोडला' अशी ओळ उमटली. त्याखाली कोणीतरी चुकून फुलांचा गुच्छ टाकला. दुपारी सासूबाईंचा रडत फोन. मनीषा म्हणते, आप्पांनी थोरल्या जावयाला भारीतली सायकल दिली आणि आमाला जुनाट माल. रंग सारखा देऊन डोळ्यांत धूळ फेकली. आता सोनईची पायरी चढणार न्हाई.

आप्पांनी तीन दिवस पान खाल्लं नाही. उभ्या आयुष्यात कोणी त्यांच्या वाटणीला बोट लावलं नव्हतं, आणि लावलं ते पोटच्या पोरीने! त्यातच शेजारच्या गावच्या ज्या दोघा भावांनी वाटणीला बोलावून ठेवलं होतं, त्यांनी कळवलं, की 'तुमच्या घरचं मिटू द्या, मग बघू.' एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू माझ्या ठिबकच्या नळीला लोंबकळत होती.

"सांगून टाकू का?" मी सुरेखाला विचारलं.

"सांगा. आणि मग सोनईला मी एकटीच जात जाईन."

शेवटी आप्पांचाच निरोप आला. दोघाबी जावयांनी सायकली घेऊन सोनईला या. मनीषालाही बोलावलं होतं. न्यायनिवाडा म्हटल्यावर ती आली. पायरी चढली नाही, अंगणातच उभी राहिली.

अंकुशरावांनी सायकल पिकअपमधून आणली, मी कांद्याच्या टेम्पोतून. आप्पांनी दोन्ही सायकली गोठ्याच्या भिंतीला शेजारी शेजारी लावल्या आणि चष्मा पुसून पाहायला लागले. आप्पांची वाटणी म्हटल्यावर बघायला माणसं जमतातच. आजही जमली होती.

"रंग सारखा," आप्पा म्हणाले. "चाकं सारखी. घंटी सारखी." ते खाली वाकले. "हितं तीन. हितं एक."

"बघा!" मनीषा कडाडली. "दाजी सोता म्हणाले, एकवाली तिप्पट महाग!"

"जावईबापू, तुमी म्हणाला का?"

"म्हणालो, पण ते…"

"मंग सांगा. ही महागाची हाय का न्हाई?"

माझ्यापुढे आड, मागे विहीर आणि डोक्यावर गर्दी. 'आहे' म्हणावं तर आप्पा पक्षपाती ठरतात. 'नाही' म्हणावं तर बाकीच्या दोन चकत्या कुठे गेल्या, ते सांगावं लागतं. आणि अशा वेळी माझं डोकं चालतं, हेच माझं दुर्दैव. मनात आलं, आपण हरलो तर? आपली सायकल मागे पडलेली मनीषाने डोळ्यांनी पाहिली, तर 'भारी'चं भूत आपोआप उतरेल. आप्पांची अब्रू वाचेल, शपथही मोडणार नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "नुसतं बघून काय कळणार? चालवून बघू. पाटाच्या पुलापर्यंत."

आप्पांनी मान हलवली. "बराबर हाय. बैल घेताना नुसते दात मोजत न्हाईत. जुपूनबी बघत्यात."

गावाबाहेर पाटाचा पूल. त्यावर चढायला एक आखूड पण उभी चढण, दोन्ही बाजूंना ऊस. सगळी वरात तिकडे निघाली. मी उदात्त भावनेने भरून आलो होतो. कुटुंबाच्या सुखासाठी मी हरायचं ठरवलं होतं. पुढे जे झालं, त्यात माझ्या ठरवण्याचा काडीचाही वाटा नव्हता, हे इथे नमूद करतो.

आप्पांनी टोपी हलवली. अंकुशराव निघाले. त्यांची चेन सर्वात छोट्या चकतीवर होती, दुकानातून निघाल्यापासून तिथेच होती. पाय मिक्सरसारखे फिरत होते आणि सायकल रमतगमत वर चढत होती. मध्येच त्यांना फोन आला. तो त्यांनी घेतला! "चढाला हाय, नंतर बोलतो," एवढं शांतपणे बोलून ते पुलावर पोचलेसुद्धा.

मी चढणीच्या मध्यावर पायडलवर उभा होतो. सायकलही उभी होती. दोघांपैकी कोणी हलायला तयार नव्हतं. मी दात-ओठ खाऊन सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. वजनाच्या बाबतीत मी कधीच कमी पडलेलो नाही. ठिबकची नळी 'फट्' करून उडाली, चेन निखळली, पायडल मोकळं फिरलं आणि मी सायकलीसकट उलटा घरंगळायला लागलो.

"बाजूला व्हा! पाव्हणं आलं!" कोणीतरी ओरडलं.

गर्दी दुभंगली. मी मधून गेलो आणि उसाच्या चारीत बसलो. त्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी होती, चारीला पाणी सोडलेलं होतं.

मग मनीषा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं बाई गं! ताई, तुजी तर लईच भंगार निगाली की गं!" आणि तिने सुरेखाच्या गळ्यात हात टाकले. सुरेखाही हसत होती. (माझ्या बायकोला एवढं मनापासून हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.) आप्पांनी खिशातून पानाची पुडी काढली. मी चिखलात बसून स्वतःला मनातल्या मनात हार घातला.

तो वाळायच्या आत आप्पा माझी सायकल उचलायला वाकले आणि नळीचा तुकडा हातात घेऊन उभे राहिले.

"हे ठिबक हाय न्हवं?"

मी उसाकडे बघितलं.

आप्पांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "आन् हे घासल्यालं हाय. बाकीच्या दोन कुटं हायत?"

जिने मला शपथ घातली होती, ती माझी पत्नी चटकन म्हणाली, "एकीवर मी कढई ठेवते आप्पा. दुसरी ह्यांनी कपाटात ठेवलीय."

"मी देवापुढं दिल्यालं वाण कापलं?"

"आप्पा, कापलं नाही, सुधा…"

"कशानं?"

"ग्रायंडरनं."

"चार इंची का पाच इंची?" गर्दीतल्या एकाने मनापासून चौकशी केली.

आता सगळं मिटायला हवं होतं. पण सुरेखाचं हसू थांबलं आणि ती विचारात पडली. "पण आप्पा," ती म्हणाली, "मग आता मनीषाकडं तीन आहेत आणि माझ्याकडं एकच."

"ताईचंबी खरं हाय," मनीषाचं मन आता फार मोठं झालं होतं. "दाजी, ह्यांच्याबी दोन काढून टाका ना. सारकं हुईल."

अंकुशरावांनी सायकल लेकरासारखी कडेवर घेतली आणि पिकअपच्या दिशेने चालायला लागले.

आप्पांनी हात वर केला. "वाटणी मी केली ती बराबर हुती," ते गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्याच हातानं आपला बांध उकरला, त्याला पंच काय करनार? ही सायकल आशीच ऱ्हाईल, आन् जावईबापू हीच चालवतील."

निकाल लागला. मनीषा पायरी चढली, चहा पुरा प्यायली आणि निघताना कुरडयांची पिशवीसुद्धा मागून घेतली. पिशवीत डोकावून तिने विचारलं, "हे काळं काळं काय गं ताई?"

"तीळ!" सुरेखा आणि मी एका सुरात म्हणालो. एवढं एकमत आमच्यात आधीही झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. जेवणं झाली. आप्पांनी दोघा जावयांपुढे फडक्यात बांधलेली एकेक वस्तू ठेवली. आत तांब्याचा तांब्या. दोन्ही सारखे. आप्पा बोलत होते दोघांशी, पण बघत होते माझ्याकडे.

"मुद्दाम करून घेतल्यात. ह्याला स्क्रू न्हाई, रिव्हेट न्हाई, जोड न्हाई. पाणी प्यायचं, बास."

घरी आल्याबरोबर मी तांब्या उलटा करून उजेडात धरला. आप्पांना कारागिराने फसवलं आहे. बुडाशी बारीक जोड आहे!

सुरेखाने ग्रायंडर कुठे लपवलाय, ते काही केल्या सापडत नाही. पण तो शिट्टीवाला म्हणतो, कानशीनेही जमतं.